केबल वाचवायला गेलेला हात

बोअरमधून मोटर काढताना आमच्या टोळीतल्या एका पोराची दोन बोटं पेरापासून गेली, त्याला आता दोन वर्षं होतील. आमचं मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळायचं, दुकान यावल तालुक्यात, वडिलांपासूनचं. पुढे रिवायंडिंग, मागे भंगार, आणि बाहेर एक जुना पिकअप, त्याच्यावर घोडा कायम बांधलेला. घोडा म्हणजे तीन पायांचं लोखंडी स्टँड, ज्याला वर चेनपुली, म्हणजे हाताने साखळी ओढून वजन उचलायची पुली, लटकवतात, बाहेरगावच्यांसाठी सांगितलं. पाच जणांची टोळी आहे, मी धरून सहा. चूक कुणाची विचाराल तर बरीचशी माझीच आहे, आणि मी ते सगळं लिहितोय कारण नंतर जो तो मला एकच गोष्ट सांगत होता, की भाऊ, पोरांना चांगले हातमोजे घेऊन द्यायला पाहिजे होते. घेतले. त्याचं काय झालं तेही पुढे येतंच.

आधी आमच्याकडची परिस्थिती. यावल-रावेर पट्टा म्हणजे केळी, आणि केळी म्हणजे पाणी. जळगावच्या केळीला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेढे वाटले होते लोकांनी, पण त्याच केळीपायी तापीच्या गाळाच्या जमिनीतलं पाणी वर्षाला वर्षाला खाली चाललंय. वडील सांगतात त्यांच्या सुरुवातीला विहिरीवर काम भागायचं. आता साडेचारशे-पाचशे फुटाचं बोअर ऐकून कुणी मान वर करून बघत नाही. मोटर जेवढी खोल तेवढा पाइप जास्त, पाइप जास्त तेवढं वजन जास्त, आणि ते वजन हाताने ओढायच्या साखळीवर. हल्लीचे नवे बोअर यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, कॉलम पाइपवर असतात, ते हलके, दोन माणसं खांद्यावर नेतात. पण जुने जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, पाइपवाले बोअर अजून ढीगभर आहेत आणि जळतात बहुतेक तेच.

मे महिना, भर उन्हाळा, ४५ च्या वर तापमान. शेतकरी आबांचा सकाळी सहाला फोन, रात्री मोटर गेली, बाग निसवणीवर आहे, म्हणजे घड बाहेर पडतायत, तीन दिवस ड्रिप बंद राहिलं तर घड पोसणार नाही. त्या दिवशी आमच्याकडे अजून दोन ठिकाणचं काम होतं. मी म्हटलं दुपारपर्यंत हे उरकू आणि तिकडे जाऊ. हे वाक्य मला आजही आठवतं कारण टोळीला सकाळी गाडीत बसताना मी हेच सांगितलं होतं, उरकू.

ज्यांनी मोटर काढताना बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो, नाहीतर हात कुठे गेला ते कळणार नाही. बोअरच्या तोंडावर केसिंग पाइप जमिनीच्या वर हातभर आलेला असतो. आत अडीच इंची जीआय पाइप, एकेक वीस फुटाचा, सॉकेटने एकाखाली एक जोडलेला, सगळ्यात खाली पंप आणि मोटर. पाइपला लागून केबल, ती दर काही फुटावर सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेली. आपण काय करतो, वरच्या सॉकेटच्या खाली पहिला क्लॅम्प कसतो, क्लॅम्प म्हणजे जाड पट्टीचे दोन अर्धे आणि दोन बोल्ट. तो चेनपुलीच्या हुकात अडकवायचा आणि ओढायचं. वीस फूट वर आलं की पुढचं सॉकेट केसिंगच्या बाहेर दिसतं, त्याच्या खाली दुसरा क्लॅम्प कसायचा आणि साखळी हळूहळू सोडून तो दुसरा क्लॅम्प केसिंगच्या काठावर टेकवायचा. आता खालचं सगळं वजन काठावर बसलं, वरचा पाइप पान्याने खोलून बाजूला ठेवायचा. परत पहिलं. असं वीस-बावीस वेळा.

आता यात हात कुठे जातो? दुसरा क्लॅम्प काठावर टेकतो त्या क्षणाला. केबल पाइपला चिकटून असते, क्लॅम्प खाली येताना ती क्लॅम्प आणि केसिंगच्या काठामध्ये चेमटली जाते. केसिंग गॅसने कापलेला असतो, काठ सुरीसारखा. केबलवर जरा चीर पडली तर पाण्यात गेल्यावर शॉर्ट, आणि नवीन वाइंडिंग केलेली मोटर चौथ्या दिवशी परत आमच्या दारात. साडेचारशे फूट केबल म्हणजे २५ हजाराच्या घरात जातं. म्हणून आमच्या धंद्यात नवीन पोरगा आला की त्याला पहिल्या दिवशी पहिलं वाक्य शिकवतात, केबल सांभाळ. मलाही वडिलांनी तेच शिकवलं. केबल सांभाळ म्हणजे काय तर क्लॅम्प टेकताना तू बोटांनी केबल एका बाजूला दाबून धर, जिथे क्लॅम्पची फट आहे तिथे. म्हणजे दोन इंचाच्या फटीत बोटं घाल आणि वरून टनभर वजन येऊ दे. आम्ही हे वर्षानुवर्षं करतोय आणि कुणाला यात काही चुकतंय असं वाटलं नव्हतं, कारण साखळी हळूच सुटते आणि पोरं चपळ असतात.

त्या दिवशी पाचव्या पाइपाला सुरुवात होती. सोळा पाइप अजून आत. वरचा, म्हणजे हुकातला क्लॅम्प सॉकेटला भिडवून कसायला पाहिजे होता, तो दोनेक इंच खाली कसला गेला. का, तर सॉकेटजवळ सांधा गळू नये म्हणून लावलेल्या जुन्या सफेद्याचा आणि तागाचा गोळा सुकून बसला होता, क्लॅम्प नीट बसत नव्हता, आणि तो खरवडायला पाच मिनिटं लागली असती. मी बघितलं होतं. मी म्हटलं चालतंय, कस. पाइप ओला, त्याच्यावर शेवाळासारखा थर, बोल्टचे आटे जुने. ओढताना काही झालं नाही. साखळी थांबली, दुसरा क्लॅम्प लावून झाला, काठापासून दोन इंच वर होता, आणि सोडायला सुरुवात केली तर पाइप वरच्या क्लॅम्पमधून सरकला. सॉकेट क्लॅम्पवर येऊन आपटलं आणि तिथे अडकलं, म्हणजे जेमतेम दोन इंच. पण तेवढ्यात खालचा क्लॅम्प काठावर येऊन बसला होता.

ठण्ण असा आवाज झाला. केबल धरणारा पोरगा ओरडला नाही. "आबा, वर घ्या ना, हात आहे," एवढंच म्हणाला, शेतकऱ्याकडे बघून, जसं काही त्यांच्याच हातात साखळी आहे.

दोन टनी चेनपुलीला एक इंच वजन उचलायला हाताने पाच-सहा फूट साखळी ओढावी लागते. एरवी ते लक्षात पण येत नाही. त्या वेळी ती साखळी संपतच नव्हती.

त्याच्या हातात मोजे होते. हे मुद्दाम सांगतो. ठिपक्यांचे सुती मोजे, पंचवीस-तीस रुपयाला जोडी मिळते ते. आणि ते त्याने सुरक्षा वगैरेसाठी घातले नव्हते, उन्हात पडलेला जीआय पाइप दुपारी हातात धरवत नाही म्हणून घातले होते. आमच्याकडे मोजे घालायचं खरं कारण तेच, चटका. नाहीतर नट-बोल्टचं काम आलं की पोरं पहिलं काम मोजे काढून कमरेला खोचायचं करतात.

डाव्या हाताचं मधलं आणि करंगळीशेजारचं, दोन्हीची टोकाची पेरं. आबांच्या घरून कुणीतरी हळद घेऊन पळत आलं, मी लावू दिली नाही, एवढी एकच गोष्ट त्या दिवशी बरोबर केली. मोजा काढला नाही, वरूनच स्वच्छ धुतलेलं फडकं दाबून धरलं आणि हात वर धरून भुसावळला नेलं. डॉक्टरांनी मोजा कात्रीने कापला. पेरं पार चेंगरली होती, जोडण्यासारखं काही नव्हतं, त्यांनी टोकं बंद केली. नंतर त्यांनीच नीट समजावलं की बोट स्वच्छ तुटलं असेल तर तुकडा ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवायचा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात, तुकडा सरळ बर्फावर कधीच नाही, आणि असं थंड ठेवलेलं बोट बरेच तास जोडायचा प्रयत्न करता येतो, उघडं उन्हात राहिलं तर त्यापेक्षा खूप लवकर संपलं. हे सांगायचं कारण आमच्याकडे लोक बोट दुधात घालून आणतात, कुणी सरळ थर्मासमधल्या बर्फात. दुसरं म्हणजे अंगठी. हात सुजायच्या आधी अंगठी काढा, आमच्या पोराच्या बोटात नवस बोललेली तांब्याची होती, ती दवाखान्यात कापावी लागली.

आता मोज्यांचं. आठवडाभरात दुकानावर येणारा प्रत्येक जण एकच बोलत होता. माझा मावसभाऊ जळगाव एमआयडीसीत कंपनीत आहे, तो म्हणाला, "भो, आमच्याकडे इम्पॅक्ट ग्लोव्हज देतात, पाठीवर रबराच्या पट्ट्या असतात बघ, त्यावर हातोडी पडली तरी काही होत नाही." मला ते ऐकून बरं वाटलं, खरं सांगतो, कारण मग दोष मोज्याचा झाला ना. हजार-बाराशेला एक जोडी, सहा जोड्या घेतल्या. दिसायला एकदम भारी, पाठीवर भगव्या-काळ्या रबराची हाडं असल्यासारखी नक्षी, त्याला टीपीआर म्हणतात, थर्मोप्लास्टिक रबर. तेलविहिरीच्या रिगवर काम करणाऱ्यांसाठी हा प्रकार आधी निघाला, तिथेही आमच्यासारखंच पाइप वर-खाली करणं, फक्त आमच्यापेक्षा खूप मोठं.

पोरांनी दोन दिवस हौसेने घातले, फोटो काढले, स्टेटसला टाकले. मी पण निवांत झालो.

मग एका रात्री लाईट नव्हती, दुकानात बसलो होतो, आणि त्या मोज्यावरचा छापा वाचायला घेतला. मनगटाजवळ हातोडीचं चित्र आणि त्याखाली आकडे-अक्षरं असतात. हातोडीचं चित्र म्हणजे ईएन ३८८, युरोपचं मानक. त्यात चार आकडे, मग एक अक्षर, मग पी. पहिला आकडा घासण्याचा, दुसरा कापण्याचा, तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा, मग ए पासून एफ पर्यंतचं अक्षर पुन्हा कापण्याचं पण जरा कडक टेस्टचं, आणि शेवटचं पी म्हणजे मार सोसायच्या परीक्षेत पास. हा पी २०१६ च्या सुधारणेत आला, त्याआधी युरोपच्या छाप्यात माराचा विषयच नव्हता. पी नसेल तर पाठीवर कितीही रबर चिकटवलेलं असो, त्या मोज्याच्या माराबद्दल कुणी काही तपासलेलं नाही. बाजारात बरेच मोजे तसलेच आहेत, नुसती नक्षी, आणि ती पण सोल्युशनने चिकटवलेली, मेच्या उन्हात दोन आठवड्यात सुटून येते.

आमच्या मोज्यावर पी होता. मग मी शोधलं की हा पी मिळतो कसा. तर ५ ज्यूलचा फटका मारतात, आणि मोज्याच्या खाली पोचणारा जोर सरासरी ७ किलोन्यूटनच्या आत पाहिजे, कुठलाही एक फटका ९ च्या वर जाता कामा नये. ५ ज्यूल म्हणजे किती हो? अडीच किलोचं वजन वीतभर, म्हणजे वीसेक सेंटिमीटरवरून पडलं तर जेवढं लागेल तेवढं. अडीच किलो म्हणजे आमचा मोठा पाइपपाना. हातातून सुटला आणि वीतभरावरून दुसऱ्या हाताच्या पाठीवर पडला, एवढ्यासाठी ती परीक्षा आहे.

मग मी बिलाच्या पाठीमागे आमच्या त्या दिवसाचा हिशेब मांडला. अडीच इंची मीडियम जीआय पाइप मीटरला साडेसहा किलोच्या आसपास. सोळा पाइप म्हणजे ९६ मीटर, सहाशे किलोच्या वर गेलं. पंपाच्या वर नॉन रिटर्न व्हॉल्व असतो, त्यामुळे मोटर बंद पडली तरी पाइपात पाणी तसंच उभं असतं, म्हणून तर प्रत्येक सॉकेट खोलताना अंगावर पाण्याचा लोट येतो आणि पोरं उन्हाळ्यात त्याच्याखाली मुद्दाम उभी राहतात. ते पाणी मीटरला पावणेचार लिटर धरा, साडेतीनशे किलो. मोटर-पंप अजून नव्वदेक. सगळं मिळून टन झाला. टनभर वजन दोन इंच पडलं तर जवळजवळ ५०० ज्यूल. मोज्याची परीक्षा पाचची.

शंभरपट.

म्हणजे त्या दिवशी पोराच्या हातात हे बाराशेचे मोजे असते तरी दोन बोटं गेलीच असती, फार तर हाड जरा वेगळ्या ठिकाणी मोडलं असतं. आणि अजून एक. ईएन ३८८ मध्ये माराची परीक्षा फक्त बोटांच्या बुंध्याशी जे हाताचे गठ्ठे असतात, मूठ वळल्यावर वर येतात ते, तेवढ्याच भागाची होते. बोटांची होतच नाही. अमेरिकेचं २०१९ चं आन्सी/आयएसईए १३८ नावाचं मानक आहे, त्यात गठ्ठे आणि बोटं दोन्ही तपासतात आणि १, २, ३ अशा पायऱ्या देतात, ३ म्हणजे सरासरी जोर ४ किलोन्यूटनच्या आत. तो आकडा असलेला मोजा मिळाला तर घ्या, बोटांपुरता तो जास्त भरवशाचा. पण फटका तिथेही ५ ज्यूलचाच आहे. मोजा मार खातो, चेमटा खात नाही. दोन लोखंडांच्या मध्ये सापडलेल्या बोटाला पाठीवरचं रबर काय करणार.

याचा अर्थ मोजे बेकार आहेत का, तर अजिबात नाही, आणि हे मी स्वतःच्या हातावर बघितलं. पावसाळ्यानंतर एका बोअरवर सॉकेट गंजून बसलं होतं, पान्याला चार फुटाचा पाइप लावून मी आणि अजून एक जण असं दोघं जोर देत होतो. पाना सुटला. माझी उजवी मूठ सरळ घोड्याच्या पायावर जाऊन आदळली, गठ्ठ्यांवर. असं आधी माझ्या आयुष्यात पाच-सहा वेळा झालंय, दर वेळी कातडं सोललं जातं, हात आठवडाभर सुजलेला, एकदा तर करंगळीच्या खालचं हाड चिरलं होतं. या वेळी झणझणलं आणि पाच मिनिटं बोटं बधिर होती, बस. मोजा काढून बघितलं तर लाल पट्टे उठलेले, अगदी रबराच्या नक्षीच्याच आकाराचे. पोरं हसली. पण त्या दिवसानंतर पाना चालवताना मोजे घाला असं मला कुणाला सांगावं लागलं नाही. पिकअपमधून पाइप उतरवताना, घोड्याचे पाय उघडताना, भंगारातून मोटर ओढताना, जिथे हात आपटतो आणि लगेच सुटतो, तिथे हे मोजे पैसे वसूल.

त्रासही आहेत. पहिला मापाचा. दुकानदाराकडे होते सगळे १० नंबरचे, आमच्या पोरांचे हात ८ चे. बोटांच्या टोकाला अर्धा इंच रिकामं राहायचं. एका पोराचं तेच रिकामं टोक क्लॅम्पच्या बोल्टखाली आवळलं गेलं, बोट नाही, नुसतं कापड, पण त्याला हात काढता येईना आणि वर साखळी चालू. त्याने मोज्यातून हात ओढून काढला आणि मोजा तिथेच लटकत राहिला. सगळ्यांनी ते लटकणं बघितलं आणि कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मी जळगावला जाऊन माप देऊन ८ आणि ९ चे आणले. दुसरा त्रास घामाचा. ४५ डिग्रीत त्या मोज्यात हात उकडून निघतो, दर अर्ध्या तासाला काढून हवा द्यावी लागते, म्हणून दोन जोड्या आलटून पालटून. चामड्याच्या तळव्याचे घेऊ नका, पाइपातल्या पाण्याने भिजले की सुकल्यावर पापडासारखे होतात. नायट्राईलचा, म्हणजे एका कृत्रिम रबराचा, खरबरीत तळवा ओल्या पाइपावर जास्त बरा धरतो.

अजून एक, हे महत्त्वाचं. दोन पोरांची समजूत झाली की रबर आहे म्हणजे करंट लागत नाही, आणि ते मोजे घालून चालू स्टार्टरचं खोकं उघडायला लागले. पाठीवर रबर, तळव्याला कापड आणि नायट्राईल, त्यात घाम. विजेसाठीचे रबरी मोजे वेगळे असतात, त्याला आयएस ४७७० हे भारतीय मानक असतं, त्याची गल्लत करू नका. आणि फिरणाऱ्या मशीनवर, म्हणजे ड्रिल, लेथ, ग्राइंडर, तिथे हे मोजे घालायचेच नाहीत, कापड अडकलं की मोजा हाताला घेऊन जातो. आमच्या दुकानात ड्रिल मशीनजवळ आता खिळा ठोकलाय, मोजे त्याला अडकवायचे आणि मग बटन दाबायचं.

पण मूळ गोष्ट तशीच राहिली होती. हिशेब मांडल्यावर मला पटलं की मोजा कितीही चांगला आणला तरी बोट त्या फटीत जाणारच, कारण आम्हीच त्याला तिथे पाठवतो, केबलपायी. मग प्रश्नच बदलला. हाताला काय घालू हे सोडून दिलं, केबलला काय करू ते बघायला लागलो. आणि हे सुचवलं कुणी, तर त्याच पोराने, दीड महिन्याने पट्टी सुटल्यावर दुकानात बसायला यायला लागला तेव्हा. आमच्याकडे केळीचा घड ओढायचा एक आकडा असतो, काठीला लावलेला. तो म्हणाला, "दादा, केबल या आकड्याने ओढून धरली तर?" एवढं साधं. मी चार सूत, म्हणजे अर्धा इंच जाडीच्या, लोखंडी सळईचा हातभर आकडा वाकवून घेतला, टोकाला रबरी नळी चढवली केबल सोलू नये म्हणून. आता केबल आकड्याने बाजूला ओढून धरतात, धरणारा दोन फूट लांब, त्याचे दोन्ही हात आकड्याच्या दांड्यावर. दुसरं काम वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलं, केसिंगच्या काठावर बसणारी जाड पत्र्याची अर्धगोल टोपी, तिला एका बाजूला खाच, खाचेच्या कडा घासून गोल केलेल्या. केबल त्या खाचेत बसते, क्लॅम्प टोपीवर टेकतो, केबलला वजन लागतच नाही. दोन्ही मिळून खर्च साडेआठशे रुपये. वडील बघून म्हणाले, "हे तीस वर्षांपूर्वी का नाही केलं," आणि मग स्वतःच गप्प बसले. त्यांच्या उजव्या हाताच्या करंगळीचं नख नाही, मी लहानपणापासून बघतोय, कधी विचारलं नव्हतं.

क्लॅम्पचं पण बदललं. सॉकेट खरवडल्याशिवाय क्लॅम्प नाही, क्लॅम्प सॉकेटला भिडला पाहिजे, आणि भिडला की सॉकेट आणि क्लॅम्पवर मिळून एक खडूची आडवी रेघ मारायची. ओढायला लागल्यावर रेघ तुटली, म्हणजे पाइप सरकतोय, थांबा. साखळीवरचा माणूस आता फक्त एकाच माणसाचं ऐकतो, आकडा धरणाऱ्याचं. आधी शेतकरी, मी, पोरं, बघायला आलेले शेजारी, सगळेच सोड सोड ओरडायचे. याने एका मोटरीमागे अर्धा-पाऊण तास जास्त जातो, गिऱ्हाईक कुरकुर करतं, करू देतो.

पैशाचं सांगतो, हे कुणी उघड बोलत नाही आमच्या धंद्यात. दवाखान्याचं बिल मी भरलं आणि वर २५ हजार दिले आणि मला वाटत होतं मी लई मोठ्या मनाचा. पोराच्या खात्यातून दर वर्षी २० रुपये कापले जातात त्या पंतप्रधान सुरक्षा विम्याचा अर्ज करायला बँकेत गेलो, तर कळलं त्यात अपंगत्वाचे पैसे डोळा, अख्खा हात, अख्खा पाय गेला तरच, बोटाला काही नाही. मग एका वकील गिऱ्हाइकाने तेव्हा लागू असलेला १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाईचा कायदा दाखवला, २०२५ च्या नोव्हेंबरपासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली. त्या जुन्या कायद्यात मागे याद्या होत्या. एका यादीत ट्यूबवेलच्या दुरुस्तीचं काम करणारा माणूस धरलेला होता, म्हणजे आम्ही छोटे म्हणून सुटलो असं नाही. दुसऱ्या यादीत बोटांचा भाव होता, अक्षरशः. अंगठा ३० टक्के, मधल्या बोटाचं एक पेर ७ टक्के, करंगळीशेजारच्या बोटाचं एक पेर ५ टक्के. महिन्याचा पगार १५ हजार, त्याच्या ६० टक्के, गुणिले वयाचा आकडा, २२ वर्षाला तो २२१.३७ होता, आणि त्याचे १२ टक्के. २ लाख ३९ हजार रुपये. दवाखान्याचा खर्च वेगळा, तो यात मोजायचा नाही. मी वकिलांना दोनदा गुणाकार करायला लावला. नंतर हप्त्याने दिले, करारनामा करून नुकसानभरपाईच्या कमिशनरकडे नोंदवला, आणि टोळीचा अपघात विमा काढला, ज्यात बोटांचा तक्ता आहे की नाही हे आधी वाचून घेतलं. २५ हजाराची केबल वाचवायला गेलेला हात होता तो, हे त्या रात्री बिलाच्या त्याच कागदावर खाली लिहून ठेवलं होतं, कागद अजून गल्ल्यात आहे.

पोरगा परत कामावर आहे. त्याच्या आईने दोन-तीन महिने पाठवलं नाही, बरोबरच होतं, मग तोच आला. आकडा तोच धरतो आणि साखळीवाला त्याचंच ऐकतो, मी ओरडलो तरी माझं नाही. त्याच्या डाव्या मोज्याची दोन बोटं टोकाला रिकामी राहायची, ८ नंबर घेतला तरी, आणि रिकामं टोक कुठे अडकतं ते आम्ही बघितलेलं होतं. म्हणून बसस्टँडजवळ चपला शिवणाऱ्याकडून ती दोन टोकं कापून, आत दुमडून, जाड दोऱ्याने शिवून घेतली. नवीन जोडी आणली की पहिलं तिथेच जातो. वीस रुपये घेतो तो, आणि आता माप विचारत नाही.